इंदूताईंना लगेच कळत नसे

डॉ. इंदुमती भापकर गेल्याचे मला कोणा माणसाने सांगितले नाही, मोबाईलने सांगितले. सकाळी फिरून आलो, चष्मा पुसला, मोबाईल उघडला, तर समोर तेवणाऱ्या समईचे चित्र, त्याखाली जोडलेले हात आणि त्याखाली मजकूर : ‘नगरची दिव्यदृष्टी हरपली.’ हे कोणाविषयी लिहिले आहे ते कळायला मला बरेच खाली उतरावे लागले. दिव्यदृष्टी या शब्दाशी जिचा काडीचाही संबंध जोडता येणार नाही अशी माझ्या ओळखीत एकच डॉक्टर होती, आणि शेवटी नाव निघाले ते नेमके तिचेच. आदल्या गुरुवारी त्या माझ्याकडे येऊन गेल्या होत्या. नेहमीप्रमाणे आमचे वाजले होते. जिना उतरताना कठड्याला धरून त्या थांबल्या, वर पाहिले आणि म्हणाल्या, “सय्यदसाहेब, दम लागला. उरलेलं पुढच्या गुरुवारी भांडू.” तो गुरुवार आला, गेला... उरलेले भांडण माझ्याकडे तसेच पडून आहे. ते मी आता इतरांशी भांडणार आहे.

माझा अधिकार काय, असे विचारणारे विचारतील, म्हणून तो आधीच सांगून टाकतो. माळीवाड्यात मी चार दशके रोगनिदानाची प्रयोगशाळा चालवली. या शहरातील निम्म्या घरांतील रक्त माझ्या काचपट्ट्यांवरून गेले आहे. इंदूताई डोळ्यांच्या डॉक्टर. पण मोतीबिंदू काढून चष्मा देणे एवढ्यावर त्यांचे समाधान नव्हते. जो डोळा औषधाला दाद देत नाही, जो बरा होऊन पुन्हा लाल होतो, जो डोळा पाहून इतर डॉक्टर ‘पुण्याला जा’ असे म्हणून मोकळे होतात, तो डोळा त्यांच्याकडे येत असे. आणि त्यात काय दडले आहे हे शोधण्यासाठी त्या डोळ्यातील कण घेऊन माझ्याकडे येत. त्यांच्या निदानांपैकी बहुतेकांचा मी साक्षीदार आहे, आणि काहींचा तर भागीदारही. त्यामुळे त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने याच पुरवणीत लिहिलेला गौरवलेख वाचून मला संताप आला असेल, तर तो संताप फुकटचा नाही. या विद्यार्थीमहाशयांचे नाव मी घेणार नाही. शहरातील चौकाचौकांत ते आधीच पुरेसे मोठ्या अक्षरांत लिहिलेले आहे.

लेखात म्हटले आहे की, ताई रुग्णाच्या डोळ्यात एकदा पाहत आणि रोगाचे नाव सांगत. साफ खोटे. मी तर उलट सांगतो. इंदूताईंना लगेच कळत नसे, आणि हीच त्यांची थोरवी होती. रुग्णासमोर, त्याच्या नातेवाइकांसमोर, प्रसंगी सहकारी डॉक्टरांसमोरही “अजून कळलं नाही” असे त्या स्वच्छ सांगत. या वाक्यामुळे त्यांचे किती रुग्ण उठून दुसरीकडे गेले हे त्यांच्या दवाखान्यासमोरच्या चहावाल्याला विचारावे. नाही कळले असे म्हणणाऱ्या डॉक्टरकडे कोण थांबणार? पण ज्यांना समोर बसताक्षणी कळत होते, त्यांच्याकडे थांबलेल्यांचे पुढे काय झाले, तेही मी पाहिले आहे.

त्यांची माझी पहिली भेटही भांडणानेच झाली. त्या नव्याने दवाखाना थाटून बसल्या होत्या. एक दिवस जेवणाच्या डब्यातून एक काचपट्टी घेऊन त्या प्रयोगशाळेत आल्या आणि ती मला देण्याऐवजी सरळ माझ्या सूक्ष्मदर्शकाखाली सरकवू लागल्या. मी म्हणालो, “बाई, हे माझे टेबल आहे.” त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, “टेबल तुमचंच आहे. डोळा माझ्या पेशंटचा आहे.” मी त्यांना बाहेर काढले असते, पण तोवर त्यांनी डोळा लावला होता, आणि पाच मिनिटांनी त्यांनी जे विचारले ते मला ठाऊक नव्हते... त्या दिवसापासून आमचे टेबल सामाईक झाले. मी रंगवलेली पट्टी त्या पाहायच्या, त्यांनी काढलेला निष्कर्ष मी उडवून लावायचा, मग दोघांनी पुस्तके उघडायची. यात दिव्य असे काही नव्हते. यात घसा बसायचा.

त्यांची खरी पद्धत सूक्ष्मदर्शकाच्याही आधी सुरू होत असे, आणि तिचा उल्लेख लेखात नाही, शोकसभेत नव्हता, कुठेच नाही. रुग्ण आत आला की त्याच्याबरोबर आलेली माणसे बोलू लागत. आपल्याकडे दुखणे एकाचे आणि सांगणारे चौघे, ही रीतच आहे. नवरा बायकोचे सांगतो, मुलगा बापाचे सांगतो, आणि मुकादम तर सगळ्या टोळीचे सांगतो. इंदूताई दोन वाक्ये ऐकून घेत आणि म्हणत, “जा, चहा पिऊन या.” ही सूचना नसे, आज्ञा असे. माणसे बाहेर जात, दार लागे, आणि मग त्या रुग्णाला अशा गोष्टी विचारत की त्याला वाटावे, ही डोळ्यांची डॉक्टर आहे की पंचनाम्याला आलेली तलाठीण! घरात जनावरे कोणती? अंघोळ कुठे करतोस? तोंड येते का? गुडघे सुजतात का? बेलापूरकडचा एक एस. टी. कंडक्टर वर्षानुवर्षे लाल डोळ्याने हैराण होता. ज्याच्याकडे जाई तो म्हणे, डोळे आले आहेत, आणि थेंब लिहून देई. इंदूताईंनी त्याला विचारले, “सकाळी उठल्यावर कंबर धरते का?” तो उखडला. “म्याडम, मी डोळा दाखवायला आलोय. कंबर बेलापुरात बी दाखवता येती.”

“आधी सांगा, धरते का?”

“धरती. पार लाकूड हुती. उन्हं वर आली की सुटती.”

“मग तुमचा डोळा आणि तुमची कंबर, दोन्ही एकाच दुखण्याची आहेत,” असे म्हणून त्यांनी त्याला हाडांच्या डॉक्टरकडे पाठवले आणि माझ्याकडे रक्ताची चिठ्ठी पाठवली. हे निदान करायला दिव्यदृष्टी नव्हे, माणसाला बोलू देण्याची चिकाटी लागते. एका प्रतिष्ठित व्यापाऱ्याच्या बाबतीत (गाव सांगणार नाही, आडनाव तर नाहीच) त्यांनी रक्ताची जी तपासणी लिहिली, ती वाचून तो गृहस्थ माझ्या दारात येऊन गर्जला, की बाईने माझी अब्रू काढली, डोळ्याला असला रोग कधी होतो का? होतो. त्याला झाला होता. औषधाने तो बरा झाला, डोळाही वाचला, आणि आयुष्यभर इंदूताईंना रस्त्यात पाहिले की तो पलीकडच्या बाजूने जात राहिला. शोकसभेत तो पहिल्या रांगेत होता आणि त्याने डोळे पुसले. पुसू दे. ते डोळे इंदूताईंनीच शाबूत ठेवलेले आहेत.

त्या चुकतही. हेही कोणी बोलत नाही, जणू मेलेल्या माणसाच्या चुका सांगितल्या तर त्याचा पुतळा ढासळेल. पारनेरच्या एका शिक्षकाच्या डोळ्यातील सूज त्यांनी क्षयाची धरली आणि बरेच महिने क्षयाची औषधे दिली. दुखणे वेगळेच निघाले. तेव्हा त्यांनी त्या शिक्षकांना बोलावले, समोर बसवले आणि म्हणाल्या, “गुरुजी, माझं चुकलं. आता नव्याने शोधू.” गुरुजी मुंबईला गेले नाहीत, पुण्याला गेले नाहीत. ते तिथेच बसून राहिले. का, असे मी त्यांना पुढे विचारले. ते म्हणाले, “आजवर चुकलं असं कोणता डॉक्टर मला म्हणाला होता? जी म्हणाली तिच्याकडेच थांबलो.”

आता सुमनच्या गोष्टीकडे येतो. हा लेख लिहिण्याचे खरे कारण तीच आहे. गौरवलेखाचा अर्धा भाग तिच्यावर खर्च झाला आहे आणि त्या अर्ध्या भागातले एकही वाक्य धड नाही. सुमन पाथर्डीकडची. दर हंगामात नवऱ्याबरोबर उसाच्या तोडणीला जाणारी. लेखात अशी कथा आहे की, उसाचे पाते लागून तिच्या डोळ्यात बुरशी झाली. सर्व डॉक्टर थकले. तिला ताईंसमोर आणले. ताईंनी एकदाच पाहिले, डोक्यावर हात ठेवला, ‘ही बुरशी नव्हे’ असे उद्गार काढले, औषध बदलले आणि सुमनला दृष्टी परत मिळाली. वाचून कोणाच्याही अंगावर काटा यावा. माझ्याही आला, वेगळ्या कारणाने.

झाले ते असे. बेलापूरच्या शिवारात तोडणी चालू असताना सुमनच्या डोळ्याला खरोखरच पाते लागले. ओरखडा लहान होता. तोडणीच्या फडाजवळ एका संस्थेचे नेत्रशिबिर भरले होते. तिथे तिला स्टिरॉइडचे थेंब देण्यात आले. लाली त्याने झटपट ओसरते, रुग्ण खूश होतो, छायाचित्र चांगले येते. आणि बुबुळावर जखम असेल तर आत जे काही वाढायचे ते निर्वेधपणे वाढते. त्या शिबिरात थेंब देणारा डॉक्टर कोण होता? आमचे गौरवलेखकच होते. लेखात शिबिराचा उल्लेख नाही. पुढे डोळा पांढरा पडू लागला तेव्हा तिला त्यांच्याच शहरातल्या रुग्णालयात आणले गेले. नवऱ्याने दारातच सांगितले, “उसाचं पातं लागलंय.” संपले. आमच्या या साखरेच्या जिल्ह्यात ‘पाते’ हा शब्द उच्चारला, की डॉक्टरच्या कानांची दारे बंद होतात आणि हात आपोआप बुरशीचे औषध लिहितो. दहांत नऊ वेळा ते बरोबरही असते, हीच तर पंचाईत आहे. व्रण खरवडून घेतलेला नमुना माझ्याकडे आला. त्यात धागे होते. मी अहवालात लिहिले : ‘धागे दिसतात, स्वरूप अनिश्चित, वाढवून पाहावे.’ मी ‘बुरशी’ हा शब्द लिहिला नव्हता. तो माझ्या अहवालात नंतर वाचला गेला. लेखात ‘प्रयोगशाळेनेही बुरशीच सांगितली होती’ असे जे छापले आहे, त्याचे उत्तर म्हणून ही नोंद मी येथे ठणकावून करीत आहे.

बुरशीची औषधे चालू राहिली, डोळा बिघडत राहिला, आणि अखेर डोळा काढून टाकण्याची भाषा सुरू झाली, तेव्हा सुमनचा नवरा तिला घेऊन इंदूताईंकडे आला. त्या दुपारी एका पट्टीच्या वादासाठी मी तिथेच बसलो होतो. नवऱ्याने सुरुवात केली, “उसाचं पातं...” ताई म्हणाल्या, “कळलं. जा, चहा पिऊन या.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “सय्यदसाहेब, तुम्हीपण.” मी त्यांच्यापेक्षा वयाने मोठा, त्या खोलीतल्या निम्म्या निदानांत माझा हात. मला राग आला आणि तो मी लपवला नाही. “मी काय नातेवाईक आहे?” असे मी विचारले. “पुरुष आहात,” एवढेच उत्तर मिळाले. मी बाहेर जाऊन चहा घेतला नाही. निषेध म्हणून उभा राहिलो. बाकावर सुमनचा नवरा कप हातात धरून बसला होता, पण पीत नव्हता. “सायेब, काढत्यात का वो डोळा?” त्याने विचारले. मी म्हणालो, “अजून कळले नाही.” हे वाक्य माझ्या तोंडातून गेले तेव्हा मला त्याचे वजन समजले.

आत काय झाले ते ताईंनी नंतर सांगितले, आणि सुमनने तर परवाच पुन्हा सांगितले. तिच्या परवानगीनेच लिहितो आहे. ज्यांना त्याचा त्रास व्हावा त्या तिच्या सासूबाई आता हयात नाहीत. ताईंनी तिला पात्याचे काहीच विचारले नाही. पाते लागल्यावर मग काय केले, असे विचारले. मग काय केले? मग रात्री काय केले? सकाळी उठून काय केले? सुमन शेवटी म्हणाली, “सासूनं शेवाळ ठिवलं डोळ्यावर. शेततळ्यातलं. थंड असतंया म्हणून. ओल्या फडक्यात बांधून लई रोज ठिवलं. पर त्यांना बोल लावू नका बाई, त्यांनी मायेनं केलं.” त्या म्हाताऱ्या बाईने खरोखरच मायेने केले होते. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यातल्या साचलेल्या पाण्यात हिरवे शेवाळ धरते, ते हाताला गार लागते, आणि तोडणीवाल्यांच्या कोपीवर, त्या पाचटाच्या झोपडीत, बर्फ कुठून येणार? हे कोणत्याच डॉक्टरला माहीत नव्हते. कारण कोणी विचारले नव्हते. सगळे उसाविषयी विचारत होते. पाण्याविषयी कोणीच विचारले नव्हते.

तरीही इंदूताई ‘ही बुरशी नव्हे’ असे म्हणाल्या नाहीत. त्या दार उघडून बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, “अजून कळलं नाही, पण काय शोधायचं ते कळलं.” साचलेल्या पाण्यात राहणारा एक जीव आहे, पिथियम. सूक्ष्मदर्शकाखाली तो हुबेहूब बुरशीसारखा धाग्यांनी दिसतो. पण तो बुरशी नाही, आणि म्हणून बुरशीची औषधे त्याचे काही वाकडे करू शकत नाहीत. त्याला ओळखण्याची एक जुनी, साधी, जवळजवळ शेतकरी म्हणावी अशी युक्ती आहे. गवताची पाती उकळून निर्जंतुक करायची, वाढवलेल्या नमुन्यावर ठेवायची आणि मग ती पाती पाण्यात सोडायची. तो जीव खरोखरच पाण्यातला असेल, तर पात्याच्या कडेने त्याची बीजे सुटतात आणि पाण्यात पोहू लागतात. बुरशी हे कधी करीत नाही. आम्ही दोघांनी ही चाचणी पूर्वी कधी केली नव्हती. पहिल्या वेळी ती फसली. काहीच पोहले नाही. आमच्या शेजारच्या बंगल्यातल्या हिरवळीचे गवत मी आणवले होते आणि त्यावर कीटकनाशक मारलेले निघाले. मी म्हणालो, “झाले, बुरशीच आहे.” ताई म्हणाल्या, “गवताचा दोष सुमनच्या डोळ्यावर कशाला टाकता?” दुसऱ्या दिवशी त्यांनी दवाखान्यामागच्या पडीक जागेतून, जिथे कोणी फवारा मारायला जाणार नाही अशा कोपऱ्यातून, स्वतः गवत काढून आणले. ते उकळले. ठेवले. पाण्यात सोडले... आणि मी डोळा लावून बसलेलो असताना पात्याच्या कडेला एक फुगा आला, फुटला, आणि त्यातून बारीक ठिपके सुटून पोहत निघाले. मी ओरडलो. मला ओरडायची सवय आहे, पण ते ओरडणे वेगळे होते. ताईंनी मला खुर्चीवरून जवळजवळ ढकललेच.

औषध बदलले. व्रण थांबला. डोळा काढावा लागला नाही. पण तोवर बुबुळ पांढरे होऊन गेले होते, आणि सुमनच्या त्या डोळ्याला आज उजेड आणि अंधार यांपलीकडे काही समजत नाही. ताईंनी तिला हे आधीच सांगितले होते. डोळा राहील असे वाटते, नजरेचे सांगता येत नाही. तेव्हा ‘दृष्टी परत मिळाली’ हे खोटे आहे. आणि दुसरे खोटे त्याहून विखारी आहे. शोकसभेनंतरच्या चहाच्या वेळी, माझ्या मागे उभे राहून, एक डॉक्टर दुसऱ्याला सांगत होते, “ताईंनी फार घोळ घातला, गवत-बिवत करत बसल्या, नाहीतर नजरही राहिली असती.” मी वळलो. म्हणालो, “वेळ गेला तो ज्यांना लगेच कळले त्यांच्याकडे गेला. इंदूताईंकडे सुमन पोचली तोपर्यंत नजर गेलेली होती. घोळ घातला म्हणून डोळा तरी खोबणीत आहे.” ते गृहस्थ म्हणाले, “साहेब, आवाज खाली, शोकसभा आहे.” शोक मला शिकवू नका.

त्या शोकसभेतच सुमनला व्यासपीठावर आणले होते. तिला कोणीतरी नवे लुगडे दिले होते, हे मला तिच्या अवघडण्यावरून कळले. सूत्रसंचालक आवाज लावून म्हणाला, “ताईंच्या दिव्यदृष्टीचा जिवंत पुरावा! सुमनताई, सांगा सगळ्यांना, आता या डोळ्याने कसं दिसतं?” सुमनने माईककडे पाहिले, माणसांकडे पाहिले. म्हणाली, “ह्या डोळ्यानं न्हाई दिसत. उजेड कळतो.”

“उजेड!” सूत्रसंचालक ओरडला. “ऐकलंत? ताईंनी उजेड दिला! जोरदार टाळ्या!” आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुमन पुन्हा काही सांगायला पुढे झाली. पण माईक तोवर पुढच्या वक्त्याकडे गेला होता. मी उभा राहून ‘तिला बोलू द्या’ असे म्हणालो. माझ्या शेजाऱ्याने सदऱ्याला धरून मला खाली बसवले... वयाचा हा एक तोटा आहे, माणसाला सहज खाली बसवता येते.

बाहेर मंडपाच्या दोरीला धरून ती उभी होती. “सायेब, म्या काय चुकीचं बोलले का?” मी म्हणालो, “सगळ्यांत एकटी तूच बरोबर बोललीस.” ती म्हणाली, “पुढं सांगायचं हुतं. बाईंनी शेवाळाचं सासूला कंदी कळू दिलं न्हाई. कोपीवर येऊन साऱ्या टोळीलाच म्हनल्या, डोळ्याला तळ्याचं काय लावू नका. एकटीला न्हाई, साऱ्यांला. सासू मरंस्तवर म्हनायची, पात्यानं गेली माझ्या सुनंची नजर... त्ये सांगायचं हुतं.” हे सांगायला तिला माईक मिळाला नाही. म्हणून ते मी येथे छापून आणतो आहे. ज्यांना गौरवच करायचा असेल त्यांनी याचा करावा.

पंधरवड्यापूर्वी, ताईंचा दवाखाना आता जो ट्रस्ट चालवतो त्याची मंडळी माझ्याकडे आली. ताईंच्या दवाखान्याच्या दर्शनी भिंतीवर संगमरवरी फलक बसवायचा होता. तुम्ही जुने स्नेही, दोन ओळी द्या म्हणाले. मी तिथल्या तिथे लिहून दिल्या : ‘डॉ. इंदुमती भापकर. यांना पुष्कळदा लगेच कळत नसे, आणि तसे त्या सांगत.’ मंडळींनी कागद वाचला, एकमेकांकडे पाहिले. “साहेब, थट्टा नको,” एकजण म्हणाले. मी आयुष्यात इतका गंभीर कधी नव्हतो. परवा फलक बसला. त्यावर सोनेरी अक्षरांत काय आहे, हे वाचकांनी ओळखले असेलच.

तो पाहून मी भांडायला गेलो. ताईंच्या खोलीत आता एक तरुण डॉक्टर मुलगी बसते. ताईंच्या शेवटच्या वर्षांत ती त्यांच्या हाताखाली होती, पण तेव्हा ती बोलतच नसे, त्यामुळे तिच्याविषयी माझे मत बरे नव्हते. टेबलावर संगणक आला होता, भिंतीचा रंग बदलला होता. मी मनातल्या मनात वाक्ये तयार करीत आत शिरलो, तर समोर एक मध्यमवयीन बाई डोळ्यावर पदर धरून बसलेली, आणि तिचा दीर की भाऊ उभा राहून हातवारे करीत सांगत होता, “मिरजगावहून आलोय म्याडम, काडी लागली, काडी लागूनच समदं झालं...” मला राहवले नाही. मी म्हणालो, “डॉक्टर, हिला विचारा, नंतर काय लावले ते...”

त्या मुलीने मान वर केली. त्या गृहस्थाला म्हणाली, “कळलं. जा, चहा पिऊन या.” मग माझ्याकडे पाहून, आवाज तितकाच खाली ठेवून म्हणाली, “सर, तुम्हीपण.”

तिच्यामागे खिडकीच्या कट्ट्यावर ताईंनी आणून ठेवलेला पत्र्याचा डबा होता. त्या फसलेल्या चाचणीनंतर, फवारा न लागलेले गवत हाताशी असावे म्हणून त्यांनी त्यात ते लावले होते. जून पाती कामाची नसतात, म्हणून ते सतत कापत राहावे लागते. ताई गेल्या, आता ते वाळले असेल किंवा रंगाऱ्याने फेकले असेल, असे मी धरून चाललो होतो. ते नुकतेच कापलेले होते. कडा अजून ओल्या होत्या.

मी बाहेर आलो. दार आतून लागले. चहावाल्याने न विचारता कप पुढे केला आणि या वेळी मी तो घेतला. मिरजगावचा तो गृहस्थ बाकावर माझ्या शेजारी बसला, समोरचा फलक अक्षर लावून लावून वाचू लागला आणि म्हणाला, “लई मोठ्या हुत्या का वो बाई?” मी त्याला म्हणालो, “तिकडे बघू नका. इकडे तोंड करून बसा.” मग आम्ही दोघेही फलकाकडे पाठ करून, बंद दाराकडे तोंड करून बसलो, आणि आतून हाक येईपर्यंत उठलो नाही.